ईदच्या दिवशीची भरती

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ आहे. उर्दू माध्यमाच्या आमच्या मुलांना तो 'मद्द-ओ-जज़र' या नावाने शिकावा लागतो. हा शब्द उर्दू वाचकाला परका नाही. मौलाना हालींच्या १८७९ सालच्या 'मुसद्दस'चे पूर्ण नाव 'मद्द-ओ-जज़र-ए-इस्लाम' असे आहे. आम्ही डी.एड., बी.एड. करताना हा शब्द कौमच्या चढ-उतारासाठी इतक्या वेळा वाचला आणि लिहिला, की त्याचा पाण्याशीही काही संबंध आहे हे जवळजवळ विसरूनच गेलो होतो.

आम्ही म्हणजे दोन उर्दू शाळांतले चार शिक्षक. एक शाळा पेण तालुक्यात खाडीकाठी, दुसरी रोह्यात, कुंडलिका नदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सहावी ते आठवीचे वर्ग आमच्याकडे असतात. लिहिणारा एक असला तरी सांगणारे चौघे आहेत, म्हणून या लेखात 'आम्ही'च म्हटले आहे. त्यात एक सोयही आहे. पुढे जी चूक सांगायची आहे ती चौघांपैकी एकाची. पण ती आमच्यापैकी कोणाच्याही हातून झाली असती.

गोष्ट २०१८ सालची. पेणच्या शाळेत सातवीच्या वर्गात हा पाठ चालला होता. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून झाले होते. व्याख्या दोनदा म्हणवून घेतली होती. मुले एका सुरात 'मद्द-ओ-जज़र' म्हणत होती. खिडकीतून खाडीचा बांध दिसत होता, पण तिकडे पाहण्याची गरज ना आम्हाला वाटली, ना पुस्तकाला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि घरच्या बोलीत म्हणाली, "सर, ईदच्या दिवशी पानी दुपारीच का भरतं?"

वर्ग हसला. आम्ही विचारले, "कोणत्या ईदला?"

"रमजान ईदला. दर वर्षी. अब्बा आणि भाऊ नमाजला निघतात तेव्हा खाडीत नुसता चिखल दिसतो. आम्ही शीरखुर्मा द्यायला जातो तेव्हा पानी बांधाला लागलेलं असतं."

आम्ही काय उत्तर दिले ते अजून शब्दन् शब्द आठवते. "ईद हा सण आहे. भरती चंद्रामुळे येते. दोन्हींचा काही संबंध नाही. हे अभ्यासक्रमात नाही. बस."

ती बसली.

आमच्या उत्तरातले दुसरे वाक्य तिसऱ्या वाक्याला खोटे पाडत होते. भरती चंद्रामुळे येते आणि ईदही चाँद दिसल्यावरच होते. आदल्या संध्याकाळी सारी वस्ती गच्चीवर चढून पश्चिमेकडे पाहत असते. तेरा वर्षांच्या मुलीने दोन गोष्टी जोडून पाहिल्या आणि पदवीधर शिक्षकाने त्या पुन्हा तोडून टाकल्या. त्या दिवशी हे आमच्या ध्यानातही आले नाही. तास वेळेत संपल्याचे समाधान मात्र होते.

कोणी म्हणेल, शिक्षकाला असे करायला कोणी सांगितले होते? खरे तर उलटेच सांगितले होते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञान रचते असे मांडले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि धांडोळा यांतून शिकण्याची तरतूद आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाले आणि 'ज्ञानरचनावाद' हा शब्द प्रत्येक केंद्र-संमेलनात घुमू लागला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाली म्हणून गाजली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याची वाट दाखवली आणि २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. त्याही फार आधी, १९७२ मध्ये, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून मुलांनी प्रयोग करून विज्ञान शिकावे असा उपक्रम सुरू झाला होता. तो ३० वर्षे चालला आणि २००२ मध्ये शासनाने बंद केला. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या वर्गाची कल्पना आपल्या देशात नवी नाही. ती आमच्या वर्गापर्यंत आली ती मात्र बहुधा सामानाच्या रूपाने.

आमच्याकडे लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला. गावातल्या, आखातात नोकरीला असलेल्या मंडळींनी हात सैल सोडला. आम्हीही हौसेने भरती-ओहोटीची चित्रफीत लावली. निळी पृथ्वी, तिच्याभोवती पाण्याचा फुगवटा, फिरणारा चंद्र. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चित्रफीत संपल्यावर आम्ही विचारले, "काही शंका?" कोणालाही शंका नव्हती. आम्हाला वाटले, समजले. आज वाटते की त्या चित्रफितीत शंकेला जागाच नव्हती. सारे गुळगुळीत, सारे पूर्ण. त्यात चिखल नव्हता, बांध नव्हता, शीरखुर्म्याची वाटी घेऊन जाणारी मुलगी नव्हती.

मग कोरोना आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सारे शिक्षण फोनवर गेले. आमच्या पटावरील बहुतेक घरांत एकच चांगला फोन, तोही आईच्या हातात, कारण त्यावर कुवेतहून किंवा दुबईहून वडिलांचा फोन यायचा. त्यात ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. झाडे आडवी, पत्रे उडालेले, विजेचे खांब वाकलेले. काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. ऑनलाइन वर्गाचे वेळापत्रक व्हॉट्सअॅपवर येत होते आणि ते पाहायचा फोन चार्ज करायला मुलांचे भाऊ मोटारसायकलवरून तालुक्याला जात होते.

त्याच वर्षी ती मुलगी आठवी पास झाली. आमची शाळा आठवीपर्यंतच. पुढे उर्दू माध्यमाचे हायस्कूल दूर, मराठी माध्यमाची धास्ती, त्यात टाळेबंदी. तिचा दाखला कोणी न्यायला आले नाही. आमच्या गळतीच्या तक्त्यात एक आकडा वाढला. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले होते की शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी सुमारे तीन टक्केच आहेत. याचा सरळ अर्थ असा की आमच्या मुलांचे जे काही बरे-वाईट होते ते बहुतांशी आमच्यासारख्या साध्या शाळांत होते. दोष द्यायला दुसरे कोणी शोधण्याची गरज नाही.

२०२३ च्या जुलैमध्ये पुन्हा सातवीचा वर्ग, पुन्हा तोच पाठ. या वेळी एक मुलगा होता. त्याचे आजोबा खारजमिनीच्या बांधावरची उघाडी सांभाळतात. पेणच्या पश्चिमेला खाडीलगत अशी बरीच जमीन आहे. बांध घालून समुद्राचे पाणी बाहेर ठेवायचे, पावसाचे साचलेले पाणी ओहोटीला उघाडीतून बाहेर सोडायचे आणि भात लावायचे. बांधाला खांड पडली तर खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे पीक हातचे जाते. तेव्हा भरती केव्हा, उधाण केव्हा, भांग केव्हा हे तिथे पोटापाण्याचे ज्ञान आहे.

हा मुलगा म्हणाला, "सर, आमचे दादा घड्याळ न बघता भरती सांगतात. बकरी ईदला म्हणाले, आज एकादशी आहे, सव्वाआठला भरेल."

२९ जून २०२३ ची ती बकरी ईद वाचकांना आठवत असेल. त्याच दिवशी आषाढी एकादशी होती आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढच्या दिवशी करायचे ठरवले होते. वर्गातील प्रत्येक मुलाला ते ठाऊक होते. पण आजोबांचे 'सव्वाआठ' कुठून आले?

पाच वर्षांपूर्वीची ती मुलगी आम्हाला त्या क्षणी आठवली. पुस्तक मिटवले आणि म्हणालो, "आम्हाला माहीत नाही. तुझ्या दादांना शाळेत बोलाव."

'आम्हाला माहीत नाही' हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून वर्गात निघणे किती अवघड असते ते शिक्षकांनाच कळेल. आमच्या समाजात उस्तादाचा अदब मोठा आहे आणि तो असावाच. पण अदबाच्या आडोशाला आमचे अज्ञान किती वर्षे सुखाने बसले होते, हेही मान्य करायला हवे.

आजोबा आले. लुंगी, टोपी, पायाला वाळलेला चिखल. आत यायला संकोचत होते, कारण या शाळेत ते स्वतः चौथीपर्यंतच शिकलेले. त्यांनी सांगितले, "तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता भरती. एकादशीला अकराचे पाऊण सव्वाआठ. पुनवेला, अवसेला बाराच्या सुमारास. इकडे-तिकडे थोडं होतं." किनाऱ्यावरचे कोळी, आगरी आणि आमचे खारजमिनीवाले पिढ्यान् पिढ्या हा हिशेब वापरत आले आहेत. आम्ही त्याच मातीतले असून तो ऐकला नव्हता. कारण शाळेत आल्यावर आम्ही जी पहिली गोष्ट बाहेर ठेवून येतो ती म्हणजे घर.

एका मुलीने लगेच विचारले, "दादा, तुम्ही तिथी कशाला मोजता? चाँदची तारीख का नाही मोजत?"

म्हातारा विचारात पडला. म्हणाला, "सगळे तिथीच मोजतात, बेटी. चाँदच्या तारखेने करून बघ, येतं का."

इथून पुढे वर्ग आमच्या हातात राहिला नाही. मुलांनी घराघरांतून जुनी भिंतीवरची कॅलेंडरे आणली. त्यांवर तिथीही असते आणि मुस्लिम महिन्याची तारीखही. त्यांनी शोधून काढले की ३ मे २०२२ आणि २२ एप्रिल २०२३, या दोन्ही वर्षी रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी होत्या. म्हणजे १ शव्वालला तृतीया. बकरी ईदला, म्हणजे १० जिल्हिज्जला, एकादशी. चाँदच्या तारखेत कधी एक, कधी दोन मिळवले की तिथी निघते. कारणही त्यांनीच काढले. तिथी अमावास्येपासून मोजली जाते. आपला महिना चंद्रकोर डोळ्याला दिसल्यावर सुरू होतो आणि कोर दिसायला अमावास्येनंतर एक-दोन दिवस जावे लागतात. चाँद एकच, मोजायला सुरुवात कुठून करायची एवढाच फरक.

तृतीया म्हणजे तिनाचे पाऊण, सव्वादोन. द्वितीया असेल तर दीड. म्हणजे रमजान ईद उन्हाळ्यात येवो की पावसाळ्यात, आमच्या किनाऱ्यावर तिची भरती दुपारी दीड ते अडीचच्या दरम्यान, जोहरच्या आसपासच येणार. आणि त्याच्या सहा तास आधी, ईदच्या नमाजच्या वेळी, खाडीत चिखलच दिसणार. २०१८ च्या त्या मुलीचे म्हणणे अक्षर न् अक्षर खरे होते. फळ्यावर हा हिशेब पूर्ण झाला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही मात्र शेवटच्या बाकाकडे पाहत होतो.

फोन या कामात आला तो यानंतर. मुलांचा हिशेब बरोबर आहे का हे पाहण्यासाठी आम्ही भरतीच्या वेळा दाखवणारे अॅप उघडले. त्यात मुंबईच्या वेळा होत्या आणि त्या आजोबांच्या हिशेबाशी अर्धा-पाऊण तासाच्या फरकाने जुळत होत्या. एका मुलाने आणखी पुढे जाऊन उर्दूत बोलून प्रश्न विचारता येणाऱ्या एका अॅपला विचारले, ईदच्या दिवशी भरती दुपारी का येते? त्या यंत्राने शुद्ध उर्दूत, अत्यंत सभ्यपणे सांगितले की ईद हा धार्मिक सण असून भरती चंद्राच्या आकर्षणामुळे येते, दोन्हींचा थेट संबंध नाही. मुले खो-खो हसली. आम्हाला हसू आले नाही. ते आमचेच २०१८ चे उत्तर होते, फक्त आवाज गोड होता.

पण फोनची फक्त थट्टा करणे अन्यायाचे होईल. पावसाळा संपल्यावर रबी-उल-आखिरच्या महिन्यात मुलांनी ठरवले की चाँद ते चाँद पाणी आपणच मोजायचे. एका बांबूवर वीत-वीत अंतरावर रंगाचे पट्टे ओढले आणि तो जुन्या धक्क्याच्या खांबाला बांधला. आजोबा किंवा दुसरे कोणी मोठे माणूस सोबत असल्याशिवाय कोणी धक्क्यावर जायचे नाही, ही अट आमची. भरतीच्या अंदाजे वेळेच्या आधीपासून दर दहा मिनिटांनी वाचन. दरेक वाचनाचा फोनवर फोटो, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते आणि कोणी घरी बसून आकडा लिहू शकत नाही. २९ दिवसांपैकी २३ दिवसांच्या नोंदी मिळाल्या. बाकीचे दिवस पाऊस, लग्न आणि कंटाळा यांनी खाल्ले.

रोह्याच्या आमच्या सहकाऱ्यांनीही आपल्या मुलांना घेऊन कुंडलिकेवर अशीच पट्टी लावली. भरतीचे पाणी रेवदंड्याच्या खाडीतून वर चढत रोह्यापर्यंत येते. एके काळी भरतीबरोबर होड्याही येत असत. दोन्ही वर्ग रोज संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर एकमेकांना नोंदी पाठवू लागले. पेण ते रोहा रेल्वेने जेमतेम तासा-दीड तासाचा प्रवास, पण या मुलांपैकी निम्म्यांनी दुसरे गाव पाहिलेले नव्हते. आता पेणची मुले रोह्याच्या पाण्याची वाट पाहत होती.

नोंदी जुळल्या नाहीत, आणि तेच सर्वांत चांगले झाले. आजोबांच्या हिशेबाने भरती रोज पाऊण तास पुढे सरकायला हवी. मुलांच्या वहीत ती पुनवेच्या आसपास रोज पस्तीस-चाळीस मिनिटे आणि अष्टमीच्या आसपास तास-सव्वा तासानेही सरकत होती. सरासरी मात्र पन्नास मिनिटांच्या जवळ आली. दुसरे, पेणच्या खाडीत भरती मुंबईच्या वेळेपेक्षा उशिरा येत होती आणि रोह्यात त्याहून उशिरा. पाणी समुद्रातून आत शिरून वर चढायला वेळ घेते, हे एका मुलीने गल्लीत सोडलेल्या नळाच्या पाण्यावरून सांगितले. तिसरे, रोह्यात पाणी भराभर चढायचे आणि उतरायला मात्र रेंगाळायचे. का? रोह्याच्या मुलांनी वरच्या अंगाला बोट दाखवले. घाटापलीकडच्या मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली कुंडलिकेत येते, १९२७ पासून येते आहे. वरून येणारे पाणी उतरत्या पाण्याला थोपवत असेल का? की नदीचे पात्र उथळ होत जाते म्हणून? याचे उत्तर आम्हा चौघांकडे नव्हते. ते अजून पुरते मिळालेले नाही. वहीत प्रश्नचिन्ह तसेच आहे.

आम्हाला यातून एक गोष्ट उमगली. प्रोजेक्टर आला तेव्हा आम्ही त्याला शिक्षकाच्या जागी उभे केले होते आणि तो आमच्यासारखाच वागला. सांगून मोकळा झाला. बांबूच्या पट्टीशेजारी ठेवलेला फोन मात्र मदतनीस झाला, कारण प्रश्न आधी मुलांच्या हातात होता. साधन तेच. कोण आधी आले, प्रश्न की साधन, एवढ्यावर सारे फिरते. आणि प्रश्न येतो तो घरच्या बोलीत येतो. 'मद्द-ओ-जज़र' म्हणताना आमच्या मुलांना एकही प्रश्न पडत नव्हता. 'पानी भरतं', 'उधाण', 'भांग', 'उघाडी' हे शब्द वर्गात आले तेव्हा प्रश्न त्यांच्या मागोमाग आले. आम्ही उर्दूचे शिक्षक, उर्दूवर आमचे प्रेम आहे, आमची भाकरीही तीच देते. पण घरच्या कोकणी बोलीला आणि शेजारच्या मराठीला वर्गाबाहेर उभे करून उर्दू समृद्ध होणार नाही, हे आम्ही आता आमच्या बैठकीत मोकळेपणाने म्हणतो.

विरोध झाला नाही असे नाही. अभ्यासक्रम मागे राहिला. घटक चाचणीत आमच्या वर्गाचे गुण फारसे वाढले नाहीत, कारण चाचणीत व्याख्याच विचारली होती. एका पालकाने विचारले, "शाळेत तिथी कशाला शिकवता?" दुसऱ्याला काळजी, की चाँदच्या तारखेवर मुले वाद घालू लागली तर उद्या रूयत-ए-हिलालवरही बोलतील. आम्ही त्यांना सांगितले की सूरह बकरात लोकांनी चंद्रकोरींविषयी विचारलेल्या प्रश्नाचा उल्लेख आहे आणि तिथे विचारणाऱ्यांना उत्तर दिले आहे, गप्प बसवलेले नाही. आणि अल-बिरूनीचे नाव सांगितले. हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानात आलेल्या या विद्वानाने 'किताब-उल-हिंद'मध्ये भरती-ओहोटीवर लिहिले आहे. सोमनाथ म्हणजे चंद्राचा स्वामी, आणि तेथील समुद्र चंद्राबरोबर चढतो-उतरतो, हे त्याने इथल्या लोकांना विचारून, समजून घेऊन नोंदवले. त्यासाठी तो संस्कृत शिकला. आमच्या सभा-संमेलनांत अल-बिरूनी आणि इब्न-अल-हैसम यांची नावे अभिमानाने घेतली जातात. आम्हीही घेतो. पण त्यांचा वारसा म्हणजे त्यांची नावे पाठ असणे नव्हे. शेवटच्या बाकावरून कोणी 'का' विचारले तर त्याला उभे राहू देणे, हा तो वारसा. २०१८ मध्ये आमच्या वर्गाच्या भिंतीवर मुस्लिम शास्त्रज्ञांचा तक्ता होता आणि त्याच्याच खाली आम्ही त्या मुलीला बसवले होते.

२०२५ च्या रमजानमध्ये, ईदला चार-पाच दिवस राहिले असताना, ती आम्हाला पेणच्या बाजारात भेटली. अम्मी सोबत होती, हातात शेवया आणि खारकांची पिशवी. आता वीस वर्षांची झाली आहे. सलाम केला. घरी शिवणकाम करते, वस्तीतल्या लहान मुलांची शिकवणी घेते. दहावी बाहेरून देण्याचा विचार आहे म्हणाली. आम्ही म्हणालो जरूर दे, पुस्तके आम्ही देऊ. मग थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

शेवटी आम्हीच विषय काढला. "सातवीत तू एक प्रश्न विचारला होतास. आठवतो का?"

"ईदच्या पान्याचा?" ती लगेच म्हणाली. विसरली नव्हती.

"तुझं बरोबर होतं. आमचं चुकलं होतं." मग तिथेच, खारकांच्या टोपल्यांशेजारी उभ्या उभ्या, तिथी, चाँदची तारीख, पाऊणपट, सारे सांगितले. यंदा पाडवा ३० मार्चला आहे. ईद ३१ ला झाली तर द्वितीया, म्हणजे दुपारी दीड, आपल्या खाडीत थोडे उशिराच.

तिची अम्मी आमच्याकडे पाहत राहिली. सर बाजारात हा कसला हिशेब सांगताहेत, असे तिला वाटले असावे. मुलीने मात्र मान खाली घालून बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाली, "सर, माझा भाऊ कुवेतला आहे. त्याची ईद आपल्या एक दिवस आधी असते. आणि तिकडचा समुद्र वेगळा. मग त्याच्या ईदला पानी कधी भरत असेल?"

आम्ही म्हणालो, "माहीत नाही."

ती हसली. म्हणाली, "मग त्याला सांगते, बघून ठेव म्हणून."